टॅप नृत्य आणि सॅव्हियन ग्लोव्हर

दक्षिण कॅरोलायना प्रांतात १७३९ साली स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी बंड केले, आणि त्या धास्तीने पुढल्याच वर्षी जो कायदा अमलात आला त्यात गुलामांना ढोल व शिंगे वाजविण्याची सक्त मनाई करण्यात आली. हातातले वाद्य गेले तेव्हा लय पायांत उतरली आणि टॅप नृत्य जन्मास आले, असे सांगतात. इतिहासाचा हिशेब इतका सरळ नसतो. आयरिश जिग आणि लँकेशायरच्या गिरणी कामगारांचे लाकडी तळव्यांचे नृत्य यांचाही या कलेच्या घडणीत मोठा वाटा आहे. तथापि हे नृत्य पाहण्याआधी ऐकावयाचे आहे, हे मर्म त्या आख्यायिकेने अचूक हेरले आहे; आणि ब्रॉडवेच्या व हॉलिवुडच्या झगमगाटात दृष्टीने बळकावलेला कानाचा हा हक्क परत मिळविण्यातच सॅव्हियन ग्लोव्हरची कारकीर्द खर्ची पडली.

१९७३ साली न्यूअर्क येथे जन्मलेला ग्लोव्हर आधी ड्रम वाजवीत असे, नाचू लागला तो नंतर. ‘द टॅप डान्स किड’मधील भूमिकेने त्याला बालपणीच नाव मिळाले खरे, पण त्याची खरी तालीम झाली ती ज्यांना रंगभूमीने दीर्घकाळ अडगळीत टाकले होते अशा वृद्ध नर्तकांच्या सहवासात. जिमी स्लाइडची घसरत जाऊन नेमक्या मात्रेवर थांबणारी पावले, लॉन चेनीचे जड, खोल आघात, चक ग्रीनचा निवांतपणा, हे सारे त्याने आत्मसात केले. या सर्वांच्या मागे जॉन बबल्स उभा आहे. त्याच्या आधीच्या पिढीचा नर्तक बिल रॉबिन्सन चवड्यांवर, ताठ व हलका नाचे. बबल्सने टाच खाली आणली, गती संथ केली, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत आडलयीचे गुंतागुंतीचे बोल भरले. पुढे नर्तक-अभिनेता ग्रेगरी हाइन्सने हाच वारसा ग्लोव्हरच्या हाती सोपविला.

त्याचे फलित म्हणजे जॉर्ज वुल्फने दिग्दर्शित केलेले, १९९५ साली रंगमंचावर आलेले ‘ब्रिंग इन द नॉइज, ब्रिंग इन द फंक’. कृष्णवर्णीयांचा इतिहास पावलांच्या आघातांतून सांगणाऱ्या या प्रयोगाच्या नृत्यरचनेबद्दल ग्लोव्हरला १९९६ साली टोनी पारितोषिक लाभले. त्यातील आरशांसमोरचा प्रवेश मला सर्वश्रेष्ठ वाटतो : ग्लोव्हर प्रेक्षकांकडे पाठ करून एकेका गुरूची चाल पायांनी उच्चारतो, आणि ते गुरुस्मरण ऐकताना टाळी वाजविण्याचे भान राहत नाही. उलट, याच प्रयोगातील, चित्रपटांत बालतारका शर्ली टेंपलसमवेत नाचणाऱ्या रॉबिन्सनची बाहुलीच्या साहाय्याने केलेली थट्टा अन्यायाची आहे. हसतमुखाने नाचल्याखेरीज ज्या काळी कृष्णवर्णीयाला पडद्यावर थारा नव्हता, त्या काळाची शिक्षा त्या एका माणसाला देण्याचे कारण नव्हते.

पुढे २००५ साली ग्लोव्हरने पाश्चात्त्य अभिजात संगीताबरोबर नृत्य केले. तेथे त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही उघड झाल्या. खाली घातलेली मान, स्वतःशीच चाललेला संवाद, तासन्‌तास न थकणारी उपज हे सर्व थक्क करणारे. परंतु आरंभापासून परिणतीपर्यंत नेणारा बांधेसूदपणा त्यात क्वचितच आढळतो. कथकातील पायांचे बोल, म्हणजे ततकार, ऐकून तयार झालेल्या आपल्या कानाला ही उणीव चटकन जाणवेल, कारण कथकात कितीही स्वैर उपज झाली तरी समेचा दंडक सुटत नाही. कथक नर्तक पंडित चित्रेश दास आणि ग्लोव्हरनंतरच्या पिढीचा टॅप नर्तक जेसन सॅम्युअल्स स्मिथ यांनी ‘इंडिया जॅझ स्वीट्स’मध्ये या दोन परंपरा समोरासमोर आणल्या, तेव्हा त्यांचे नाते सिद्ध करण्यास व्याख्यानाची गरज उरली नाही.

आज या कलेत तयारीचा दुष्काळ नाही, दुष्काळ आहे तो रचनेचा. आणि तो हटविण्याचे काम मुख्यतः स्त्रियांनी चालविले आहे. ग्लोव्हरच्याच संचात नाचलेल्या मिशेल डोरान्सने समूहरचनेचा मार्ग खुला केला, आणि २०१५ साली तिला मॅकआर्थर शिष्यवृत्तीचा मान मिळाला. वादक म्हणून ग्लोव्हरची बरोबरी करील असा नर्तक आज मला दिसत नाही. रचनाकार म्हणून मात्र ही त्याची शिष्यपिढी त्याच्या पुढे गेली आहे.