‘घरबसल्या’ या शब्दाचा हिशेब

आज मला एका शब्दावर बोलायचंय. ‘घरबसल्या’. घरबसल्या कमवा, घरबसल्या विका. बचत गटांच्या कार्यक्रमात हा शब्द हमखास येतो. हातातला मोबाईल हेच तुमचं दुकान, असंही सांगतात. मला हे पटत नाही. का, ते आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मासवडीवरून सांगते.

मासवडीचं नाव ऐकून बाहेरचा माणूस बिचकतो, पण ती शाकाहारी. बेसन शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरायचं, गुंडाळी दाबून वड्या कापायच्या. वर रस्सा वेगळाच. यातलं काय बसल्या बसल्या होतं, सांगा! (हशा) विक्री मोबाईलवर गेली म्हणून चूल काही मोबाईलवर गेली नाही. उलट, चुलीपुढं असतानाच फोन वाजतो. उत्तर द्यायला उशीर झाला की गिऱ्हाईक रुसतं. दुकानाला निदान फळ्या लावता येतात. फोनला फळ्या नाहीत.

आता साधनाकडे बघू. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस 2018 मध्ये भारतात आलं. त्यात मालाचा कॅटलॉग लावता येतो, ठरलेलं उत्तर आपोआप पाठवता येतं. चांगलंच आहे. पण स्टेटस 24 तासांत जातं. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप, ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. म्हणजे हे साधन ओळखीतच फिरतं. आणि ओळखीचं गिऱ्हाईक काय म्हणतं? “तू घरचीच, दोन वड्या जास्त टाक.” पैसे? “देते की नंतर.” जगाची बाजारपेठ म्हणून जी दाखवली, ती बऱ्याचदा भावकीच निघते.

फोनमुळे काहीच झालं नाही, असं मी म्हणत नाही. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही गावं पुणे-नाशिक रस्त्यावर. सकाळी ठरलेली ऑर्डर संध्याकाळपर्यंत पुण्यात पोचवता येते, आणि यूपीआयनं पैसे तिथल्या तिथं जमा होतात. पण कुणाच्या खात्यात? फोन नवऱ्याचा, नंबर त्याचा, खातं त्याचं, आणि वड्या तिच्या. असं असेल तर धंदा नेमका कुणाचा? प्रशिक्षणात हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा. तो विचारला जात नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

आपल्याकडे याचं उत्तर नाही असं नाही. नारायणगावात यात्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथं येतात, भाव करतात, तारीख ठरवतात, सुपारी देतात. फड गावात जाण्याआधी बोली झालेली असते. कलावंताला कळतं ते वडीवालीला का कळू नये? आधी निम्मे पैसे, मग बेसन भिजवायचं. त्यात वाईटपणा नाही.

दुसरं उदाहरण गिरगावचं. 1959 मध्ये सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. तेच पुढं लिज्जत झालं. तिथली रीत बघा. पीठ केंद्रावर मळायचं, बायकांनी ते घरी नेऊन पापड लाटायचे, लाटलेले पापड केंद्रावर देऊन मजुरी घ्यायची. विक्री संस्थेनं करायची. काम घरात, पण बाजार एकत्र. गिऱ्हाइकाशी घासाघीस करायला एकटी बाई उभी राहिली नाही.

आज फोननं नेमकं उलटं केलंय. प्रत्येकीला स्वतंत्र दुकान दिलं, आणि एकाच आळीतल्या चौघी एकमेकींचं स्टेटस बघून भाव पाडायला लागल्या. त्यांनी गटाचा एकच नंबर ठेवावा, भाव एकच ठेवावा, पैसे गटाच्या खात्यात घ्यावेत. ऑर्डर रात्री आठपर्यंतच, हे ठरलेल्या उत्तरात लिहून ठेवावं. फोन आळीपाळीनं एकेकीनं सांभाळावा. साधन तेच, फोनही तोच. फरक एवढाच, की बाकीच्या तिघींना शांतपणे जेवता येईल.

तेव्हा कॅटलॉग कसा लावायचा ते जरूर शिकवा. पण ‘घरबसल्या’ म्हणण्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन बघा, ती दिवसभरात बसते तरी केव्हा.