‘प्रेक्षणीय स्थळे’ या लेखनप्रकाराची चिकित्सा : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

कोणत्याही जिल्ह्याविषयी माहिती देणाऱ्या पुस्तकात, शासकीय पुस्तिकेत अथवा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीत ‘प्रेक्षणीय स्थळे’ हे प्रकरण हमखास आढळते. या प्रकरणाकडे माहितीचा एक निरुपद्रवी साठा म्हणून पाहिले जाते. त्याची समीक्षा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. त्याची ठरलेली भाषा आहे, ठरलेला क्रम आहे आणि काय सांगावे व काय वगळावे याविषयीचे काही अलिखित संकेतही आहेत. प्रवासी कोठे थांबेल, कोणत्या वास्तूची देखभाल होईल आणि स्थानिक तरुणास आपल्या प्रदेशाविषयी काय ठाऊक असेल, हे बऱ्याच अंशी या प्रकरणावरून ठरते. म्हणूनच अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात या लेखनप्रकाराची मर्यादा तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा आणि १४ तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीचा धुवाधार पाऊस, तर पूर्वेस व दक्षिणेस पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख, अशी त्याची रचना आहे. एवढे वैविध्य एका यादीत बसविताना काय घडते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

१. यादीची परंपरा

या लेखनप्रकाराचे मूळ ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये शोधावे लागते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अहमदनगरविषयक १७ वा खंड १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ‘स्थळे’ हे प्रकरण वर्णानुक्रमाने रचलेले आहे. प्रशासकास एखाद्या गावाची माहिती चटकन सापडावी, हा त्यामागील हेतू होता आणि त्या हेतूपुरती ती रचना योग्यच होती. शिवाय त्याआधीच्या प्रकरणांत भूगोल, शेती, व्यापार आणि इतिहास यांचे सविस्तर विवेचन असल्यामुळे ‘स्थळे’ हे प्रकरण एका मोठ्या चौकटीत उभे होते.

पुढील काळातील पर्यटनविषयक लेखनाने गॅझेटिअरमधील यादी घेतली. मात्र चौकट मागे ठेवली. वर्णानुक्रमाची जागा ‘धार्मिक’, ‘ऐतिहासिक’, ‘निसर्गरम्य’ आणि अलीकडे ‘आदर्श गाव’ अशा वर्गीकरणाने घेतली. वरवर पाहता हे वर्गीकरण सोयीचे आहे. परंतु त्यामुळे प्रत्येक स्थळास एकच ओळख चिकटते. शिर्डी आणि शनिशिंगणापूर धार्मिक, भुईकोट किल्ला ऐतिहासिक, भंडारदरा निसर्गरम्य, राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार आदर्श, असे कप्पे पडले की या स्थळांचा परस्परांशी काही संबंध असू शकतो, हा विचारच संपतो.

२. नावांची गफलत आणि व्यक्तींची निवड

यादीचे दोन दोष विशेष लक्षणीय आहेत. पहिला दोष ऐकीव माहितीला स्थिर करण्याचा. नगर शहराच्या पूर्वेस शहा डोंगरावर उभी असलेली अष्टकोनी, तीन मजली वास्तू ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून सर्वत्र नोंदविली जाते. प्रत्यक्षात ती मुर्तजा निजामशहा पहिला याचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. लोकांनी दिलेले नाव हाही सांस्कृतिक पुरावाच असतो आणि चांदबिबीविषयीचा लोकांचा आदर त्यातून दिसतो. तथापि लोकनाम आणि वास्तव यांतील फरक सांगणे हे लेखकाचे काम आहे. ते न झाल्यामुळे सलाबतखान विस्मृतीत गेला. दुसरीकडे, १५९५-९६ मध्ये मोगल सैन्यापासून भुईकोट किल्ल्याचे रक्षण करणाऱ्या चांदबिबीचे खरे कर्तृत्व तिच्याशी संबंध नसलेल्या डोंगरावर जाऊन बसले.

दुसरा दोष एका व्यक्तीपुरते स्थळ आकसण्याचा. भुईकोट किल्ल्याची ओळख प्रामुख्याने पंडित नेहरूंच्या बंदिवासाशी जोडली जाते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी याच किल्ल्यात लिहिला, ही गोष्ट अभिमानाचीच आहे. परंतु ऑगस्ट १९४२ नंतर काँग्रेस कार्यकारिणीचे अनेक सदस्य येथे स्थानबद्ध होते. मौलाना आझाद यांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दू गद्यातील श्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या कृतीतील पत्रे येथेच लिहिली गेली. सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी हेही येथे होते. एका तटबंदीच्या आत इंग्रजी आणि उर्दूतील दोन महत्त्वाचे ग्रंथ एकाच काळात आकारास येत होते, ही घटना भारतीय वाङ्मयेतिहासात दुर्मीळ आहे. यादीत मात्र तिला एखाद्या वाक्याचीही जागा मिळत नाही. मातीच्या कोटाला दगडी रूप देणारा हुसेन निजामशहा, १८०३ मध्ये किल्ला जिंकणारा वेलस्ली आणि १९४२ चे बंदी हे सारे एकाच भिंतीच्या इतिहासाचे टप्पे आहेत. वाचकास त्यांपैकी एकच टप्पा दिसतो.

३. शहराचे विस्मरण

या लेखनाचा सर्वाधिक फटका जिल्ह्याच्या मुख्य शहरास बसला आहे. मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला आणि पुढे त्या रणभूमीनजीक नवी राजधानी वसविली. बागरोजा, दमडी मशीद, फराहबाग या वास्तू त्या राजधानीच्या वैभवाची साक्ष देतात. यादीत त्या सुट्या ‘वास्तू’ म्हणून येतात आणि एका नियोजित शहराचे अवयव म्हणून त्यांचा विचार होत नाही.

या शहराची खरी करामत त्याच्या पाण्यात होती. पर्जन्यछायेतील या प्रदेशात निजामशाहीने दूरच्या उंच भागांतील पाणी खापरी नळांनी शहरात, किल्ल्यात आणि बागांत खेळविले. फराहबागेचा महाल तर तलावाच्या मध्यभागी उभारला गेला होता. आज भोवतालचा तलाव कोरडा असल्यामुळे ती वास्तू माळावर एकाकी उभी असल्यासारखी दिसते. पाण्याचा संदर्भ न देता तिचे वर्णन केल्यास वाचकास एक पडका महाल एवढेच समजते. पाण्यासह वर्णन केल्यास पाचशे वर्षांपूर्वीची एक जलव्यवस्था समजते. हाच धागा पुढे हिवरे बाजार व राळेगणसिद्धी येथील पाणलोट विकासाच्या कामांपर्यंत नेता येतो. एकाच अवर्षणग्रस्त भूमीने दोन भिन्न काळांत एकाच प्रश्नास दिलेली ही उत्तरे आहेत. ‘ऐतिहासिक’ आणि ‘आदर्श गाव’ या दोन कप्प्यांमुळे ती एकत्र वाचली जात नाहीत.

४. प्रवरेचा धागा

यादीऐवजी संबंध पाहिल्यास काय दिसू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे प्रवरा नदी. रतनगडाच्या परिसरात ती उगम पावते. रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर तिच्या उगमक्षेत्रात आहे. पुढे १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण आणि रंधा धबधबा लागतो. हे धरण सहलीसाठी नव्हे, तर खालच्या दुष्काळी मुलखास पाणी देण्यासाठी बांधले गेले. त्या पाण्यावर ऊस आला आणि त्या उसावर लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी तत्त्वावरील आद्य साखर कारखाना उभा राहून १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला.

याच नदीकाठी संगमनेरजवळचे जोर्वे आहे. तेथील उत्खननात सापडलेल्या मृद्भांड्यांवरून दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव शिल्पे सापडली. ती आज जिल्ह्याबाहेरील संग्रहालयांत आहेत. नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. त्याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्यापुढे टोके येथे प्रवरा गोदावरीस मिळते.

उगमापासून संगमापर्यंतच्या या एकाच वाटेवर मंदिर, धरण, सहकार, पुरातत्त्व आणि मराठी भाषेचा महान ग्रंथ हे सारे भेटते. सध्याच्या वर्गीकरणात मात्र भंडारदरा ‘निसर्गरम्य’, नेवासे ‘धार्मिक’, तर जोर्वे आणि दायमाबाद बहुधा अनुल्लेखित राहतात. पैसाच्या खांबासमोर नतमस्तक होणाऱ्या भाविकास, याच परिसरातील मातीखाली ज्ञानेश्वरांच्या कितीतरी पूर्वीची वस्ती सापडली, हे सांगितल्याने त्याच्या श्रद्धेस बाधा येत नाही. उलट नेवासे हेच स्थान का, या प्रश्नाकडे तो अधिक सजगपणे वळू शकतो.

५. शिर्डी आणि कुस्को : एक तुलना

जिल्ह्यातील पर्यटनाचे केंद्र शिर्डी आहे, याविषयी दुमत नाही. साईबाबांच्या १९१८ मधील महासमाधीनंतर हे गाव देशभरच्या भाविकांचे तीर्थ झाले. काकडी येथील विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला आणि २०२३ मध्ये मुंबईहून वंदे भारत रेल्वेही सुरू झाली. बाहेरून येणारा भाविक बहुधा शिर्डी आणि शनिशिंगणापूर एवढेच करून परततो. शिंगणापूरचे वर्णनही ‘दारे नसलेली घरे’ या कुतूहलापाशी थांबते. २०१६ मध्ये चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळाला, ही सामाजिकदृष्ट्या मोलाची घटना त्या वर्णनात क्वचितच येते.

येथे दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाचे उदाहरण उद्बोधक ठरेल. पेरूला जाणारा बहुतेक प्रवासी माचू पिच्चू पाहण्यासाठी जातो, जसा आपल्याकडे तो शिर्डीसाठी येतो. परंतु त्या वाटेवरील कुस्को हे जुने इंका राजधानीचे शहर केवळ मुक्कामाचे ठिकाण राहिलेले नाही. दोन्ही स्थळांचा समावेश जागतिक वारसा यादीत एकाच वर्षी, १९८३ मध्ये, झाला. कुस्कोमधील कोरिकांचा या इंका मंदिराच्या घडीव दगडी भिंतींवर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगो मठ उभारला. १९५० च्या भूकंपात वरच्या बांधकामाची पडझड झाली आणि आतील इंका भिंती उघड्या पडल्या. जेते आणि जित यांचे दोन काळ प्रवाशास तेथे एकाच वास्तूत पाहता येतात व तसे ते सांगितलेही जातात.

अर्थात पेरूचे सारेच अनुकरणीय नाही. माचू पिच्चूवर गर्दीचा ताण एवढा वाढला की प्रवेशसंख्येवर आणि वेळेवर बंधने घालावी लागली. शिवाय तीर्थयात्रा आणि पर्यटन यांच्या प्रेरणा वेगळ्या आहेत, हेही मान्य करावे लागेल. दर्शनासाठी आलेल्या भाविकाने किल्ला पाहावाच, असा आग्रह धरता येणार नाही. तरीही मुद्दा उरतो तो असा की, कुस्कोला सांगण्याजोगी गोष्ट मिळाली. नगर शहरास मात्र यादीतील अनुक्रमांक मिळाला.

६. नव्या नावाने दिलेला निकष

२०२४ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म १७२५ मध्ये याच जिल्ह्यातील चौंडी येथे झाला. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली. या नामांतरामुळे ‘प्रेक्षणीय स्थळे’ हे प्रकरण नव्याने लिहिले जाणे अपरिहार्य आहे. त्या पुनर्लेखनात निजामशाहीचा भाग आक्रसण्याचा धोका संभवतो. जुने नाव गेले म्हणून जुन्या वास्तू अनाथ होऊ नयेत, हे पाहणे ही अभ्यासकांची जबाबदारी ठरते.

यासाठी अहिल्यादेवींच्या कार्यातूनच एक निकष मिळतो. त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या आणि मंदिरांचा जीर्णोद्धार केला. जिल्ह्यातील सिद्धटेकचे मंदिरही त्यांनीच बांधविले. ही कामे त्यांनी आपल्या राज्याच्या सीमेत बंदिस्त ठेवली नाहीत. प्रवाशास पाणी, सावली आणि निवारा मिळावा, हा त्या कार्याचा गाभा होता. जे मोडकळीस आले ते उभे करणे, ही त्यांची दृष्टी होती. त्यांचे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्याने फराहबागेची उपेक्षा करणे त्या दृष्टीशी सुसंगत ठरणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात :

१) ‘प्रेक्षणीय स्थळे’ हा माहितीचा तटस्थ साठा नसून निवड आणि वगळणूक करणारा लेखनप्रकार आहे, त्याची समीक्षा व्हावयास हवी.

२) धार्मिक, ऐतिहासिक, निसर्गरम्य या कप्प्यांमुळे स्थळांमधील नदीचे, पाण्याचे आणि इतिहासाचे संबंध अदृश्य होतात.

३) जे यादीत नीट येत नाही ते लोकांच्या मनात राहत नाही आणि जे मनात राहत नाही त्याच्या जतनाची मागणीही होत नाही.

४) प्रवराकाठचा मार्ग, निजामशाहीची जलव्यवस्था आणि किल्ल्यातील ग्रंथलेखन ही सूत्रे धरून जिल्ह्याचे वर्णन नव्याने करणे शक्य आहे.

हे काम पर्यटन विभागावर सोपवून भागणार नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांत इतिहास, भूगोल, मराठी व वाणिज्य हे विभाग एकाच इमारतीत असतात. परंतु त्यांचे विद्यार्थी आपल्या जिल्ह्याविषयीचे प्रकल्प एकमेकांपासून तुटक करतात. प्रवरेवरील एक प्रकल्प या चारही विभागांनी मिळून केला, तर यादीस पर्याय ठरणारे पहिले प्रकरण तेथेच लिहिले जाईल.