'कॅम्पस' आणि 'मंडळी' : ऑनलाइन ख्रिस्ती उपासनासमाजाची एक चिकित्सा

(१)

एखादी नवी संस्था स्वतःला कोणते नाव घेते यावरून तिची स्वतःविषयीची कल्पना पुष्कळ अंशी उघड होते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात १९९६ साली क्रेग ग्रोशेल यांनी स्थापलेल्या, व आज लाइफ.चर्च या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने अनेक ठिकाणच्या इमारतींतून एकच प्रवचन पडद्यावर दाखवून उपासना चालविण्याची पद्धत अंगीकारली आणि अशा प्रत्येक शाखेस 'कॅम्पस' म्हटले. २००६ साली तिने इंटरनेटवरील उपासना सुरू केली, तेव्हा तिचेही नाव 'इंटरनेट कॅम्पस' असेच ठेवण्यात आले. पुढे 'चर्च ऑनलाइन' हे नाव आले, तरी 'ऑनलाइन कॅम्पस' ही संज्ञा अनेक चर्चांच्या व्यवहारात रूढ होऊन बसली. 'कॅम्पस' म्हणजे मुळात लॅटिनमधील मैदान. अठराव्या शतकात प्रिन्स्टन येथील कॉलेजच्या आवारास तो शब्द लागला, आणि तेथून विद्यापीठाच्या परिसराचा वाचक झाला. सारांश, जिला जागा नाही अशा उपासनेचे नामकरण जागेच्या शब्दाने झाले.

ही केवळ शब्दाची गंमत नव्हे. 'चर्च' हा इंग्रजी शब्दही अखेर 'प्रभूचे' अशा अर्थाच्या ग्रीक विशेषणापर्यंत जाऊन पोहोचतो आणि व्यवहारात तो इमारत व उपासकसमूह या दोहोंचा एकदम बोध करून देतो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया' मात्र बोलावून जमविलेल्या सभेचा वाचक आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत हा भेद सुदैवाने शाबूत राहिला. प्रॉटेस्टंटांची 'मंडळी' आणि कॅथलिकांची 'ख्रिस्तसभा' हे दोन्ही शब्द माणसांचे आहेत. इमारतीसाठी 'देऊळ', 'मंदिर' किंवा 'चर्च' असे वेगळे शब्द आहेत. देऊळ पडले तरी मंडळी राहू शकते, आणि मंडळी पांगली तर देऊळ नुसते उभे राहते, हे मराठीत सांगण्यास खटाटोप करावा लागत नाही. ऑनलाइन ख्रिस्ती समाजाविषयी गेल्या वीस वर्षांत जो वाद झाला, त्याची पुष्कळशी गुंतागुंत जागेच्या शब्दाने माणसांच्या संबंधाचा प्रश्न विचारल्यामुळे उत्पन्न झाली आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

(२)

या प्रतिपादनास सर्वांत बोलका पुरावा इंग्लंडमधील 'चर्च ऑफ फूल्स' या प्रयोगाचा आहे. 'शिप ऑफ फूल्स' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या चालकांनी ब्रिटनमधील मेथडिस्ट चर्चच्या साहाय्याने तो मे २००४ मध्ये आरंभिला. संगणकाच्या पडद्यावर त्रिमित चित्राने एक संपूर्ण चर्च उभारण्यात आले. त्यात कमानी होत्या, बाके होती, व्यासपीठ होते, आणि उपासना संपल्यावर गप्पांसाठी तळघरही होते. येणारा प्रत्येक जण एक बाहुलीवजा आकृती धारण करी. ती आकृती बाकावर बसे, गुडघे टेकी, हात उंचावी. तिचे शब्द तिच्या डोक्यावर उमटत. प्रारंभीचे प्रवचन लंडनच्या बिशपांनी केले. गर्दी इतकी लोटली की उपद्रव देणाऱ्या पाहुण्यांस आवरण्यासाठी वॉर्डन नेमावे लागले आणि अशा पाहुण्यास तत्काळ बाहेर घालविण्याची सोय त्यांच्या हाती द्यावी लागली.

अनेकांनी एकत्र येण्याची ही व्यवस्था खर्चामुळे व श्रमामुळे त्याच वर्षी बंद करावी लागली. त्यानंतर जे घडले ते विशेष उद्‌बोधक आहे. एकेकट्याने आत जाण्यापुरते ते चित्रमय चर्च खुले ठेवण्यात आले होते. तेथे दुसरे कोणी भेटणार नाही हे ठाऊक असूनही लोक जात, आकृतीस गुडघे टेकावयास लावीत व प्रार्थना करून परतत. दुसरीकडे, त्या प्रयोगात एकमेकांच्या ओळखीची झालेली माणसे इमारतीवाचूनच लेखी संभाषणातून एकत्र राहिली आणि २००६ साली त्यांच्या समूहाने 'सेंट पिक्सेल्स' हे नाव धारण केले. म्हणजे एका प्रयोगाची दोन अंगे निराळी झाली: देऊळ एकीकडे राहिले, मंडळी दुसरीकडे गेली. देवळाने एकांत दिला व मंडळीने सहवास दिला. दोन्ही मोलाचे; परंतु त्यांना एकाच नावाखाली ठेवून 'आभासी चर्च खरे की खोटे' असे विचारल्यास उत्तर मिळणे शक्य नाही.

(३)

या विषयावरील दोन ग्रंथ येथे विचारात घेण्याजोगे आहेत. डग्लस एस्टेस यांचा 'सिमचर्च' (२००९) हा ग्रंथ धर्मशास्त्रीय समर्थनाचा आहे. आभासी चर्च हे खऱ्या चर्चचे अनुकरण नसून स्वतंत्रपणे खरे चर्च होऊ शकते, हा त्यांचा पक्ष. तो मांडताना टीकाकारांच्या आक्षेपांस ते बगल देत नाहीत. प्रभुभोजनाच्या प्रश्नावर तर ते केवळ प्रतीकरूप विधीपासून, आकृतीने आकृतीला देण्याच्या विधीपर्यंत, आणि घरी स्वतः भाकर व द्राक्षारस घेण्यापासून, जवळच्या चर्चकडे तेवढा भाग सोपविण्यापर्यंत, असे पर्याय वेगवेगळे करून तपासतात. हा प्रामाणिकपणा ग्रंथाचे बलस्थान होय. मात्र चर्चची व्याख्या करताना ते देवाच्या लोकांच्या सभेस 'आभासी रीतीने स्थानबद्ध' असे विशेषण जोडतात. स्थानाचा आग्रह सोडावयाचा नाही आणि स्थान तर नाही, या कोंडीतून हे विशेषण जन्मास आले आहे. वाचकास त्यामुळे स्थानाचे कार्य काय, हे कळण्याऐवजी स्थानाचा भास कसा निर्माण होतो एवढेच कळते.

टिम हचिंग्ज यांचा 'क्रिएटिंग चर्च ऑनलाइन' (२०१७) हा ग्रंथ वेगळ्या जातीचा आहे. चर्च ऑफ फूल्स, सेंट पिक्सेल्स, ऑक्सफर्ड धर्मप्रांताने २००४ साली स्थापलेले 'आय-चर्च', सेकंड लाइफ या आभासी जगातील अँग्लिकन कॅथीड्रल आणि लाइफ.चर्चचे चर्च ऑनलाइन, या पाच समूहांत दीर्घकाळ सहभागी राहून त्यांनी निरीक्षणे नोंदविली. माध्यम नवे असूनही वास्तुरचना, प्रार्थना व विधी यांत परिचिताकडे असलेला ओढा त्यांनी दाखवून दिला आहे. सेकंड लाइफमध्ये गुरुत्वाकर्षणाचे बंधन नव्हते. तरीही तेथील कॅथीड्रलला गॉथिक कमानी दिल्या गेल्या. ओळखीचे रूप हे नवख्या प्रदेशात विश्वास देणारे असते, हा त्यातून निघणारा अर्थ पटण्यासारखा आहे. हायडी कँपबेल यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, इंटरनेटवरील ख्रिस्ती समूहांत रमणारे लोक गावच्या चर्चकडे पाठ फिरवीतच असतात असे नाही, उलट तेथे उणे वाटणारे नाते ते येथे शोधतात, असा निष्कर्ष आहे. तथापि या अभ्यासांत उपासनेच्या भाषेचे, वाक्यावाक्याच्या पातळीवरचे, विश्लेषण अपेक्षेइतके आढळत नाही. ती उणीव महत्त्वाची आहे, कारण ऑनलाइन समाज हा जवळजवळ सर्वस्वी भाषेचाच बनलेला असतो.

(४)

भाषेच्या अंगाने पाहू गेल्यास तीन गोष्टी ध्यानात येतात.

पहिली गोष्ट दर्शक शब्दांची. 'येथे', 'आता', 'आपण' या शब्दांचा अर्थ बोलणारा व ऐकणारा यांच्या समान परिस्थितीवर अवलंबून असतो. ओक्लाहोमातील वक्ता 'आज येथे जमलेले आपण' असे म्हणतो, तेव्हा दुसऱ्या खंडातील श्रोत्याचा त्या 'आपण'मध्ये समावेश होतो काय? मराठीत 'आम्ही' व 'आपण' असा भेद असल्यामुळे हा प्रश्न अधिक स्पष्ट विचारता येतो. आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरील प्रवचनांनी हा प्रश्न पूर्वीच निर्माण केला होता. पडद्यावरील व्यक्ती आपल्याशीच बोलते या प्रेक्षकाच्या एकतर्फी जवळिकीचे वर्णन डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ सालीच केले आहे. ऑनलाइन कॅम्पसचे वेगळेपण असे, की त्यात प्रेक्षकास प्रेक्षक दिसतो व बोलतो. प्रवचनाच्या शेजारी चालणाऱ्या लेखी संभाषणात वक्त्याचे 'आपण' खरे होण्याची शक्यता असते. प्रवचनात ती नसते.

दुसरी गोष्ट त्या संभाषणाच्या स्वरूपाची. त्यात विचारप्रवर्तक मजकूर थोडा आणि 'नमस्कार, अमुक गावाहून' अशा धर्तीची वाक्ये फार. टीकाकार याला उथळपणा म्हणतात. परंतु माहिती देण्यापेक्षा नाते जुळविण्यासाठी होणाऱ्या बोलण्याचे महत्त्व मालिनोव्हस्की यांनी १९२३ साली प्रतिपादिले, आणि त्याला नाव देताना 'कम्युनियन' हाच शब्द योजिला. प्रभुभोजनाचाही वाचक असलेला हा शब्द त्यांना सुचावा हे लक्षणीय आहे. देवळाच्या पायऱ्यांवर होणारी विचारपूस मजकुराच्या दृष्टीने अशीच पोकळ असते, आणि तिच्यावाचून मंडळी मंडळी राहत नाही. उथळ म्हणून हिणविल्या जाणाऱ्या त्या ओळी हा या समाजाचा पाया आहे.

तिसरी गोष्ट कृतिरूप वाक्यांची. 'मी तुझा बाप्तिस्मा करतो' हे वाक्य वर्णन करीत नाही, कृती करते. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत पेंग्विन पक्ष्यांच्या बाप्तिस्म्याचे उदाहरण येते: शब्द बरोबर असूनही प्रसंग, व्यक्ती वा पात्रता चुकल्यास कृती फसते. व्हॅटिकनने २००२ साली इंटरनेटविषयी काढलेल्या निवेदनात इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, असे स्पष्ट केले. कॅथलिक भूमिका अशी की संस्कारास द्रव्य व देह लागतात. लाइफ.चर्चच्या उपासनेत श्रद्धेचा निर्णय कळविण्यासाठी हात उंचावण्याची कळ ठेवण्यात आली, तीमागे उलट भूमिका आहे: निर्णय अंतःकरणाचा, खूण कोणतीही चालेल. हा मतभेद यंत्राने निर्माण केलेला नाही. शब्द व द्रव्य यांच्या संबंधाविषयी धर्मसुधारणेच्या काळापासून चालत आलेला वादच येथे नव्या वेशात उभा आहे, आणि यंत्राची सुधारणा त्यावर उत्तर देऊ शकणार नाही.

(५)

मग ऑनलाइन समाजाची खरी कसोटी कोणती? उपस्थितीवर सर्वांचा भर आहे. किती जण पाहत होते, किती वेळ पाहत होते, हे आकडे यंत्र आपोआप देते आणि चालक ते अभिमानाने मोजतात. मंडळीचे अस्तित्व मात्र अनुपस्थितीतून अधिक नेमके समजते. लहान चर्चमध्ये नेहमीच्या बाकावरची म्हातारी दोन रविवार दिसली नाही तर कोणीतरी तिच्या दारी जाते. रिकामी जागा डोळ्यांना टोचते. स्थानाचे खरे कार्य हे आहे. ऑनलाइन कॅम्पसमध्ये अनुपस्थितीस आकार नसतो. न आलेला मनुष्य कोणतीही रिकामी जागा मागे ठेवीत नाही. आकडा एकाने कमी होतो इतकेच. म्हणून अशा कॅम्पसच्या चालकाचे मुख्य कार्य प्रक्षेपण सुबक करणे हे नसून अनुपस्थितीस आकार देणे हे आहे. नावानिशी स्वागत करणारे स्वयंसेवक, खाजगीत प्रार्थना करणारा सहकारी, ठरावीक लोकांचे लहान गट, न दिसलेल्यास केलेला दूरध्वनी, या साधनांचे मोल एवढ्यासाठीच आहे.

२०२० च्या साथीत हा प्रश्न मोजक्या प्रयोगशीलांपुरता उरला नाही. त्या वर्षीचा १२ एप्रिलचा ईस्टर मुंबई-वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांनीही घरातच साजरा केला. ज्या मंडळ्यांत विचारपूस करण्याची सवय पूर्वीपासून होती त्यांना पडदा पुरेसा ठरण्याचा संभव अधिक होता. जेथे ती नव्हती तेथे पडद्याने ती उणीव उघडी केली, निर्माण केली नाही. अंथरुणास खिळलेला, कानांनी अधू झालेला, किंवा चर्चमध्येच दुखावला गेल्यामुळे उंबरठा ओलांडू न शकणारा मनुष्य पडद्यामुळे आत येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या माध्यमाची हेटाळणी करणे कठोरपणाचे ठरते. आणि तो आत आल्याचे कोणाच्याच ध्यानात येत नसेल, तर त्या प्रवेशाचा गौरव करणेही तितकेच कठोर ठरते.

मंडळीची सीमा कोठे आखावी हा प्रश्न मराठीस अनोळखी नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्यासाठी. त्यांनी सभासदत्वाची नोंद ओलांडली आणि बंधुभाव मात्र राखला. ऑनलाइन समाजास त्यातून घेता येण्याजोगा बोध हाच, की सीमा सैल करणाऱ्याने बंध अधिक घट्ट करावे लागतात.

ख्रिस्ती परंपरेच्या आरंभीही दूरस्थतेचा अनुभव आहे. पौलाने करिंथच्या मंडळीस आपण देहाने दूर पण आत्म्याने जवळ असल्याचे लिहिले. योहानाच्या नावावरील दुसऱ्या पत्राचा लेखक मात्र कागद व शाई पुरेशी न मानता समोरासमोर भेटण्याची आशा व्यक्त करतो. ही दोन्ही पत्रे एकाच ग्रंथात शेजारी राहिली आहेत. पत्राने मंडळी टिकते, आणि पत्र भेटीची ओढ लावते. ऑनलाइन समाजाविषयीच्या विवेचनात या दोहोंपैकी एकाचाच स्वीकार झाला की ते एकांगी होते. एस्टेस यांचा ग्रंथ पहिल्या बाजूस झुकतो, व्हॅटिकनचे निवेदन दुसऱ्या बाजूस. पुढील अभ्यासकाने जागेचे शब्द काही काळ बाजूस ठेवून, कोण कोणास नावाने हाक मारतो आणि हाकेस ओ न आल्यास काय होते, याची नोंद केली, तर या विषयाचे ज्ञान खऱ्या अर्थाने पुढे जाईल.