कागद सापडला, पुढे काय?

विल क्राउदरने लिहिलेल्या गुहेच्या खेळाला १९७७ साली डॉन वूड्सने वाढवून ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ हे रूप दिलं. त्यात चित्रं नव्हती. कुठे जायचं, काय उचलायचं ते टाइप करायचं आणि पुढचं वर्णन वाचायचं. या गुहेत एका मासिकाचे काही अंक पडलेले असतात. उघडून पाहावं तर ते बुटक्यांच्या भाषेत लिहिलेले, म्हणजे वाचता न येणारे. साहजिकच बहुतेकांनी ते तिथेच सोडले. पण खेळाच्या ३५० गुणांपैकी अगदी शेवटचा एक गुण याच मासिकात अडकलेला होता. ते उचलून ‘विट्स एंड’ नावाच्या चकव्यात नेऊन टाकलं, तरच तो मिळायचा.

शोधप्रधान व्हिडिओ गेममधल्या दडवलेल्या कागदांचा हा अगदी सुरुवातीचा नमुना, आणि पुढच्या जवळजवळ अर्धशतकातली ओढाताण त्यात आधीच हजर आहे. कागद वाचायचा असतो की गोळा करायचा? या मासिकाला मजकूर नव्हता, गुण मात्र होता. त्यानंतर रोजनिशा, पत्रं, ध्वनिफिती, हस्तलिखितं, जहाजांच्या याद्या आणि परग्रहावरचे भिंतलेख अशा कितीतरी रूपांत हा कागद खेळांत पसरला. आज मोठ्या बजेटच्या साहसी खेळात तो नसेल तर चुकल्यासारखं वाटावं, इतका तो सवयीचा झाला आहे. पण सवयीच्या झालेल्या गोष्टीचा कस कोणी लावत नाही. तो लावायचा तर माझ्या मते दोनच प्रश्न पुरेत. हा कागद इथे कोणी आणि का ठेवला? आणि तो वाचून झाल्यावर खेळाडूचं पुढचं पाऊल बदलतं का? दोन्हींचं उत्तर ज्यांच्याकडे आहे असे खेळ थोडे आहेत, पण या माध्यमाने वाचनाला नवं काय दिलं ते त्यांच्यातच दिसतं.

खेळांत कागद आले ते साहित्याच्या ओढीने नव्हे, अडचणीपायी. लुकिंग ग्लास स्टुडिओच्या मंडळींना खेळातल्या पात्रांशी होणारे ठरावीक पर्यायांचे संवाद कृत्रिम वाटत होते. १९९४च्या ‘सिस्टम शॉक’मध्ये त्यांनी त्यावर जालीम उपाय केला. सिटाडेल या अवकाशस्थानकावर खेळाडू जागा होतो तेव्हा तिथली माणसं मरून गेलेली किंवा विद्रूप झालेली असतात. उरतात त्यांनी मागे ठेवलेल्या नोंदी. एका छोट्या गावातले मृत आपापल्या थडग्यातून बोलतात अशी कल्पना असलेला एडगर ली मास्टर्सचा १९१५चा काव्यसंग्रह, ‘स्पून रिव्हर अँथॉलॉजी’, हे या रचनेमागचं एक प्रेरणास्थान. मेलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही, त्यामुळे त्याच्या उत्तरांत कृत्रिमपणाही सापडत नाही.

दोन वर्षांनी आलेल्या कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट इव्हिल’ने याच युक्तीला धार लावली. हवेलीतल्या एका खोलीत प्राण्यांची देखभाल करणाऱ्या माणसाची रोजनिशी मिळते. आधी पत्त्यांचा डाव, वरिष्ठांबद्दलची कुरकुर, मग अंगाला सुटलेली खाज. नोंदी हळूहळू आखूड होतात, व्याकरण सुटतं आणि शेवटी एक-दोन शब्दच उरतात. रोग शरीरात शिरतोय हे सांगायला निवेदक लागत नाही, वाक्यंच आजारी पडत जातात. त्याच खोलीतल्या कपाटातून मग एक झोंबी बाहेर येतो. कोणी लिहिलं, इथेच का लिहिलं आणि लिहिणं का थांबलं, या तिन्हींचं उत्तर एका खोलीत मिळतं. या प्रकारात इतकी नेटकी बांधणी पुढेही क्वचितच साधली.

युक्ती रुळली की तिचा साचा होतो. २००७च्या ‘बायोशॉक’मध्ये रॅप्चर या समुद्रतळावरच्या नगरात १२२ ध्वनिरोजनिशा विखुरलेल्या आहेत. त्यांतल्या काही अप्रतिम आहेत. शिवाय चालता चालता ऐकता येत असल्याने वाचनासाठी पाय थांबवावे लागत नाहीत, ही मोठीच सोय. पण आपल्या कारस्थानाची कबुली टेपवर बोलून ती टेप चव्हाट्यावर कोण ठेवून जातं? शंभराहून अधिक वेळा हा प्रश्न गिळायचा म्हणजे खेळाडूने लेखकाला उधारी देत राहणं. ‘बायोशॉक’ची इमारत एवढी देखणी की ती उधारी फिटते. त्याची नक्कल करणाऱ्या अनेक खेळांची फिटली नाही.

‘मेट्रॉइड प्राइम’ने २००२मध्ये वेगळी वाट काढली होती. नायिकेच्या शिरस्त्राणातच वाचण्याचं यंत्र आहे, त्यामुळे भिंतीवरचा मजकूर टिपणं हा तिच्या कामाचाच भाग ठरतो. शत्रूच्या तळावरच्या नोंदी वाचताना कळतं की ते खेळाडूलाच घाबरलेले आहेत. आपण त्यांच्या कागदपत्रांतलं संकट आहोत, ही जाणीव पुढच्या दाराशी वेगळा आत्मविश्वास देते. वाचन इथे कामी येतं.

याच सुमाराला मोजणीचा जमाना सुरू झाला. २००५मध्ये एक्सबॉक्स ३६०ने आणि २००८मध्ये प्लेस्टेशन ३ने खेळाडूच्या नावावर जाहीरपणे झळकणारी पदकं आणली. ‘सगळं शोधलं’ ही खासगी हौस आता मिरवण्याची गोष्ट झाली. २००७च्या पहिल्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये ४२० झेंडे लपवले होते, आणि ते सगळे गोळा केल्यावर कथेत काही म्हणजे काही घडत नव्हतं. ‘अनचार्टेड ४’मध्ये (२०१६) १०९ खजिने आहेत. यांतले झेंडे किंवा नक्षीदार डब्या म्हणजे कागद नव्हेत हे खरं. पण कागदही त्याच हिशेबवहीत जाऊन बसले. नकाशावर चिन्ह उमटतं, तिथे जायचं, बटण दाबायचं, आकडा एकने वाढतो. मजकूर पडद्यावर येईपर्यंत बोट ‘बंद करा’वर गेलेलं असतं.

या घसरणीचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे २०१५चा ‘राइज ऑफ द टूम रेडर’. लारा क्रॉफ्ट भित्तिचित्रं आणि लेख पाहत जाते तशी तिची ग्रीक, रशियन आणि मंगोलियन भाषांतली गती वाढते. पुरेशी वाढली की ती एखादा शिलास्तंभ वाचू शकते आणि पुरलेल्या नाण्यांची जागा नकाशावर उमटते. कल्पना कागदावर उत्तम. प्रत्यक्षात वाचते ती लारा, खेळाडू फक्त तिची पातळी वाढवतो. त्याने एकही ओळ वाचली नाही तरी नाणी मिळतात, आणि सगळं मन लावून वाचलं तरी एक नाणंही जास्त मिळत नाही. दस्तऐवजाला असं सरसकट चलन करून टाकलं की लेखकांनी घेतलेले कष्ट, आणि ते इथे घेतलेले आहेत, सजावटीच्या खात्यात जमा होतात.

मात्र या काळाला सरधोपट दोष देऊन चालणार नाही. रेमेडीच्या ‘अ‍ॅलन वेक’मध्ये (२०१०) नायक कादंबरीकार आहे आणि त्याला आठवत नसलेल्या स्वतःच्याच कादंबरीची पानं जंगलात सापडत जातात. पानावर लिहिलेलं थोड्या वेळाने घडतं. करवत घेतलेल्या माणसाचं वर्णन आधी वाचलं की पुढच्या वळणावरची शांतताही खेळाडूला खुपू लागते. भविष्य सांगणारा कागद भीती आधीच पेरतो, हे अन्य माध्यमांना एवढ्या सहज जमत नाही. पण १०६ पानांपैकी १५ पानं या खेळाने सर्वांत अवघड पातळीवरच ठेवली. म्हणजे कथेचा उरलेला भाग वाचकाला नव्हे, नेमबाजाला बक्षीस. मोजणीच्या जमान्याने चांगल्या कल्पनेलाही सोडलं नाही ते असं.

‘द लास्ट ऑफ अस’ने (२०१३) याच चौकटीत राहून अधिक मोठं काम केलं. किनाऱ्याला लागलेल्या एका नावेत इश नावाच्या माणसाची चिठ्ठी मिळते. पुढे भुयारी गटारांत त्याने उभारलेल्या वस्तीच्या खुणा दिसतात: मुलांची चित्रं, नियमांची पाटी, पाणी साठवण्याची सोय. मग एका बंद खोलीत त्या वस्तीचा शेवट दिसतो. इश स्वतः कधीच पडद्यावर येत नाही, मुख्य कथेला त्याची गरजही नाही. पण चिठ्ठ्या वाचणाऱ्याला ती गटारं ओलांडताना एक नांदतं घर दिसतं, न वाचणाऱ्याला केवळ शत्रू लपण्याच्या जागा. वाट तीच, चालणं निराळं. दुसऱ्या प्रश्नाचं हे सर्वांत प्रामाणिक उत्तर.

त्याच वर्षी ‘गॉन होम’ने शत्रू, बंदुका आणि गुण सगळंच काढून टाकलं. १९९५चा जून महिना, ऑरेगनमधलं रिकामं घर, परदेशातून परतलेली थोरली बहीण. धाकट्या सॅमची प्रेमकहाणी तिच्याच आवाजात ऐकू येते, तिच्या वस्तू हाताळल्या की पुरे. समीक्षकांनी गौरवलं ते मुख्यतः तिला. मला मात्र त्या घरातला खरा मुरलेला भाग वडिलांचा वाटतो. त्यांच्या फसलेल्या कादंबऱ्या पुन्हा पुन्हा १९६३कडेच का वळतात, ज्या नातेवाइकाकडून हे घर आलं त्याच्याशी त्यांचं नेमकं काय बिनसलं, हे कोणीही बोलून दाखवत नाही. तळघरातली एक खूण, एक जुनं पत्र, पुस्तकांची न विकलेली खोकी, एवढ्यावर वाचणाऱ्याने स्वतःच एका भयंकर निष्कर्षाला पोचायचं. अनेकांचं ते राहूनच जातं. राहून जाण्याची मुभा ठेवणं हेच त्या लेखनाचं धाडस. दडवणं इथे आशयाला धरून आहे, कारण ते कुटुंबही तेच दडवत आलं आहे.

त्यानंतरची वाट वाचकाला तपासनीस करणारी आहे. सॅम बार्लोच्या ‘हर स्टोरी’त (२०१५) पोलिसांच्या जबाबांच्या २७१ चित्रफिती एका जुन्या संगणकात आहेत. त्या मिळवायच्या तर योग्य शब्द सुचावा लागतो. एका जबाबातला शब्द पुढच्या जबाबाची किल्ली होतो. लुकस पोपच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये (२०१८) ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज १८०७ साली माणसांविना परत येतं. हातात नावांची यादी, चित्रकाराची रेखाटनं आणि जहाजाचा आराखडा. साठ जणांपैकी प्रत्येक जण कोण आणि त्याचं काय झालं ते ठरवायचं. एखाद्या झोळीवरचा क्रमांक यादीतल्या क्रमांकाशी जुळला की बेनाव खलाशाला नाव मिळतं. त्यांतले काही हिंदुस्थानातले आहेत, आणि त्यांना ओळखण्यासाठी यादीतला देशाचा रकाना लक्ष देऊन पाहावा लागतो. कंपनीची कोरडी यादीही वाचणाऱ्याच्या हाती माणसांची होते.

२०१९मध्ये ‘आउटर वाइल्ड्स’ने ही वाट टोकाला नेली. बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पुन्हा सुरू होतं. हत्यारं वाढत नाहीत, शक्ती वाढत नाहीत. टिकते ती केवळ यानातल्या नोंदवहीत साठलेली माहिती. नोमाई या लुप्त जमातीचं लिखाण भिंतींवर नागमोडी वेलांसारखं पसरतं. एकाने लिहिलेल्या वेलाला दुसऱ्याच्या उत्तराची फांदी फुटते, त्यामुळे वाद, थट्टा आणि शंका डोळ्यांना दिसतात. ज्याला सगळं आधीच माहीत आहे तो पहिल्याच बावीस मिनिटांत खेळ संपवू शकेल. म्हणजे दारं उघडीच असतात, आपल्याला ती दारं आहेत हे ठाऊक नसतं. त्याच वर्षीच्या ‘हेवन्स व्हॉल्ट’मध्ये प्राचीन चिन्हांचे अर्थ खेळाडूने अंदाजाने लावायचे असतात आणि चुकलेला अंदाजही बराच काळ सोबत राहतो. लाराच्या वाढत्या पातळीला याहून सडेतोड उत्तर नाही.

भारताच्या भूमीवरचा मोठा दाखला २०१७च्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’चा. क्लोई फ्रेझर पश्चिम घाटात होयसळांच्या अवशेषांत गणपतीचा दात शोधते. घाटाच्या मोकळ्या प्रकरणात अकरा होयसळ मुद्रा गोळा केल्या की एक कंकण मिळतं, आणि ते खजिना जवळ आला की सूचना देतं. शोधाचं बक्षीस काय, तर आणखी शोधण्याचं साधन! ज्या राजवटीने कन्नडमध्ये विपुल शिलालेख कोरून ठेवले तिच्या प्रदेशात कोडी मात्र मूर्ती, सावल्या आणि यंत्रं फिरवण्याची. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’मध्ये (२०२०) भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की दुर्गा आणि विष्णू त्यांची कथा सांगतात. भित्तिचित्र हाच दस्तऐवज, ही निवड त्या जागेला शोभणारी आहे. पण तिथेही ऐकायचं आहे, उलगडायचं नाही.

मराठी खेळाडूसाठी यात आणखी एक पेच आहे. मोठ्या खेळांत मराठीचा पर्याय जवळजवळ नसतोच. मारामारीला भाषा लागत नाही, कागदाला लागते. त्यामुळे ज्या खेळांनी वाचनाला सर्वांत जास्त मान दिला, तेच इंग्रजी सहज न वाचणाऱ्याला सर्वांत दूरचे. उलट मोजणीवाले खेळ सगळ्यांना खुले. ‘आपल्याकडे वाचायचा कोणाला वेळ आहे’ असं म्हणण्याआधी हा हिशेब मांडायला हवा.

एकूण पाहता ही कला दुभंगलेली आहे. छोट्या स्टुडिओंनी कागदाला किल्ली केलं, मोठ्यांनी बहुतेक वेळा पदक. मोठ्यांकडे लेखक कमी नाहीत, चांगल्या मजकुराला अडवून बसलेली यंत्रणा जास्त आहे. त्यांनी एवढं केलं तरी पुरे: नकाशावरची चिन्हं आणि आकडे काढून टाकून आपला खेळ एकदा चालवून पाहावा. मग जे कागद कोणी शोधणारच नाही ते बिनदिक्कत फेकून द्यावेत. शंभरातले वीस उरले तरी चालेल. खेळाडू त्या विसांसाठी थांबेल, परत फिरेल, चुकीचा तर्क करेल आणि तो तर्क दुरुस्त करायला पुन्हा त्याच खोलीत येईल. वाचन म्हणतात ते यालाच.