जपानी भिंगवर्णनांचा मराठी अनुवाद : यंत्र आणि मानवी अनुवादक

प्रस्तावना :
पारिभाषिक शब्दांच्या चर्चेत रत्नागिरीचे स्थान महत्त्वाचे आहे. १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध असताना वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. 'चित्रपट', 'दिग्दर्शक' हे शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते; 'कॅमेरा' मात्र मराठीत टिकून राहिला. गूगलच्या अनुवादसेवेत २०१३ मध्ये मराठीचा समावेश झाला व २०१७ मध्ये न्यूरल पद्धत आली. त्यामुळे प्रतिशब्द निवडण्याचे काम यंत्रही करू लागले. जपानी कॅमेरा-भिंगांच्या वर्णनांच्या आधारे या निवडीचे स्वरूप प्रस्तुत लेखात तपासले आहे.

विवेचन :
अशा वर्णनाचे दोन भाग पडतात. पहिला भाग मोजमापाचा. नाभीय अंतर, वजन, काचांची संख्या हा तपशील यंत्र वेगाने व बहुधा अचूक देते. येथे मानवी अनुवादकाचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

दुसरा भाग गुणवर्णनाचा असून खरी अडचण तेथे आहे. अधिक प्रकाश आत घेणाऱ्या भिंगाला जपानी भाषेत 'आकारुई', म्हणजे उजळ, म्हणतात. इंग्रजीत त्यालाच 'फास्ट' म्हणतात. अनुवाद इंग्रजीमार्गे झाल्यास मराठीत 'जलद भिंग' अवतरते आणि वाचकाला ते स्वयंचलित केंद्रीकरणाचा वेग वाटू शकते. वस्तुतः एफ २.८ च्या तुलनेत एफ १.४ वर चौपट प्रकाश मिळतो, एवढाच त्याचा अर्थ. पावसाळ्यात मिरकरवाडा बंदरावर संध्याकाळी छायाचित्रे घेणाऱ्यास नेमकी हीच माहिती हवी असते. 'उजळ भिंग' हा सरळ प्रतिशब्द मराठीत सहज शक्य असताना तो वाटेतच हरवतो.

'शिबोरी' हा शब्द पिळणे या क्रियेवरून आला आहे. तो भिंगाच्या द्वारकालाही लागू होतो आणि कापड बांधून रंगविण्याच्या कलेलाही. 'बोके' म्हणजे पार्श्वभूमीचा पुसटपणा. बुद्धीच्या मांद्यालाही तोच शब्द आहे. १९९७ मध्ये एका अमेरिकन छायाचित्रण-मासिकाने तो इंग्रजीत रुळविला. 'कुसेदामा' म्हणजे दोष असूनही रसिकांना प्रिय असलेले भिंग. 'सदोष भिंग' म्हटल्यास त्यातील जिव्हाळा नाहीसा होतो. 'खोडीचे भिंग' म्हटल्यास तो टिकतो.

न्यूरल यंत्र संपूर्ण वाक्याचा संदर्भ घेते, म्हणून यांपैकी काही शब्द ते योग्य रीतीने ओळखू शकते. तथापि, 'खोडीचे' हा पर्याय सुचण्यासाठी दोन्ही भाषांतील बोलण्याची ढब ठाऊक असावी लागते. मराठीत छायाचित्रणविषयक लेखन तुलनेने कमी असल्याने यंत्राला ती ढब शिकण्यास पुरेशी सामग्रीही मिळत नाही. उलटपक्षी, मानवी अनुवादकालाही प्रकाशशास्त्राचे ज्ञान नसेल तर तो यंत्राइतकाच चुकेल, हेही नमूद केले पाहिजे.

निष्कर्ष :
मोजमापे यंत्राने द्यावीत. गुणवर्णन मात्र जपानी व छायाचित्रण या दोहोंच्या जाणकाराने तपासावे. अन्यथा ग्राहकाचा खर्च चुकीच्या भिंगावर होईल आणि मराठीत जपानी अर्थाऐवजी इंग्रजीची छाया उतरत राहील. असे तपासलेले अनुवाद वाढले, तर उद्याच्या यंत्रालाही चांगली मराठी शिकता येईल.