मागच्या बाजूचे परीक्षण

नाटकाचा परीक्षक पुढच्या रांगेत बसतो. आमच्या ऑल्टोचे परीक्षण मात्र मागूनच सुरू करावे लागले. बोगदा सोडून जुन्या कात्रज घाटाने जायची माझी खोड. तिथे वळणावर खड्डा आला, की पुढची चाके माझे ऐकत आणि मागची चार बोटे बाजूला सरकून आपले स्वतंत्र मत नोंदवीत. "ह्या गाडीत मी आता बसायची नाही," असे सौभाग्यवतींनी जाहीर केले. तशा त्यांच्या घोषणा बऱ्याच असतात. पण रविवारी शिरवळहून नातीला आणायचे होते.

भाच्याने गाडीखाली डोकावून निकाल दिला. "मामा, बुश गेलेत!"

बुश म्हणजे लोखंडी नळीत बसवलेले रबर. माझ्या हाताखाली सव्वा लाख किलोमीटर काढलेल्या रबराला निवृत्तीचा हक्क आहेच. पण भाचा म्हणाला, "सगळीकडे पॉलियुरेथेनचे कडक बुश टाका. गाडी रस्त्याला चिकटून राहील."

इथे माझ्यातला टीकाकार जागा झाला. ऑल्टोच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा ॲक्सल अखंड. दोन ट्रेलिंग आर्म त्याला पुढेमागे हलू देत नाहीत. डावीउजवीकडचा बंदोबस्त एकट्या आडव्या लॅटरल रॉडकडे. त्याचे एक टोक बॉडीला, दुसरे ॲक्सलला. एक चाक खड्ड्यात गेले की अख्खा ॲक्सल तिरका होतो आणि आर्मच्या बुशांना पिळा बसतो. पिळून घेणे हीच त्या रबराची नोकरी! तिथे कडक बुश घातला, तर आर्म अडून बसतो, मागची बाजू ताठते आणि ओल्या वळणावर तीच आधी निसटते. लॅटरल रॉडला कडकपणा त्या मानाने शोभतो. तेव्हा रॉडला कडक, आर्मना साधे रबरी, असा तह झाला. भाच्याला तो मिळमिळीत वाटला.

मिस्त्रींनी बुश झकास बसवले. मग गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच नट करकचून आवळायला घेतले. मी ओरडलोच. तसे आवळले तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही तसेच पिळलेले राहते. ते फाटणार नाही तर काय होणार? वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळा द्यायचा.

"साहेब, तीस वर्षं असंच आवळतोय."

"म्हणून तर गिऱ्हाइकं परत येतात!"

मिस्त्री हसले नाहीत. पण गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरले आणि नट पुन्हा आवळले.

रविवारी त्याच वळणावर, त्याच खड्ड्यात मुद्दाम गाडी घातली. मागची चाके निमूट पुढच्यांमागे आली. लॅटरल रॉडकडून बारीकशी घरघर आत येते, ती मी भाच्याला सांगितलेली नाही. सौभाग्यवतींचे मत विचारावे म्हणून मान वळवली, तर त्यांना डुलकी लागलेली. शिवापूर आल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"घाट यायचाय ना अजून? हळू चालवा हं."