अंगावर घेतलेले घर

फेब्रुवारी २००० मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात एक साधी बैठकीची खोली मांडली होती : चार खुर्च्या, मध्ये लाकडी गोल मेज. तरुणी आल्या, खुर्च्यांच्या खोळी काढून त्यांनी वस्त्रे म्हणून परिधान केल्या. खुर्च्या मिटून पेट्या झाल्या. अखेरीस एकीने मेजाच्या मध्यभागी उभे राहून ते वर ओढताच त्याचा घागरा झाला. या 'आफ्टर वर्ड्स'चा कर्ता हुसेन चलायान तेव्हा तिशीच्या आत होता. निकोसियात १९७० साली जन्मलेला हा तुर्की सायप्रियट. १९७४ साली बेट दुभंगले तेव्हा जेमतेम चार वर्षांचा.

छायाचित्रे गाजली ती घागऱ्याची. आम्हांस मात्र तो गौण वाटतो; लाकडी मेज नेसून पळ कसा काढावा? खरी प्रतिभा त्या खोळींत आहे. परागंदा होणाऱ्याच्या हाती घाईत जे लागते, तेच त्याचे वस्त्र होते, हे त्या एका शब्दाविना सांगतात. निर्वासितांच्या व्यथेचा असा देखणा सोहळा करावा काय, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे, आम्हांसही ती छळते. पण खेळ संपतो तेव्हा त्या खोलीत बसावयास काहीच उरलेले नसते.